अडीच सऱ्या

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

छबू,

तुझी नात आज आली. सकाळी आठला दप्तर पोटाशी धरून ओट्याखाली उभी होती, वर यायला तयार नव्हती. मी विचारलं, "कुणाची गं तू?" जसं काही मला माहीतच नाही. "छबूबाईची मोनिका," म्हणाली. आई-बाप चाकणला कंपनीत आणि पोर तुझ्याजवळ, मग ती तुझंच नाव सांगणार. तिनं वही पुढं केली. वहीत घडी घातलेला सहामाहीचा गणिताचा पेपर होता. साठपैकी अकरा.

मला वाटायचं, सात वर्षांनी तुझ्याकडून निरोप येईल तो कुणाच्या तरी लग्नाचा नाहीतर मयताचा असेल. आला तो साठपैकी अकराचा. मला फार बरं वाटलं. पोर नापास झाली म्हणून नव्हे, तिला घेऊन जाणारी वाट तुला माझ्याच ओट्याकडं दिसली म्हणून.

तू माझा फोन उचलत नाहीस. मी रानात आलो की तू गोठ्यात जातेस. म्हणून हे वहीच्या मागच्या पानावर लिहितोय. वही तर तुला घरात घ्यावीच लागेल. मोनिके, हे आजीला मोठ्यानं वाचून दाखव, आणि तिचं तोंड कसं झालं ते मला येऊन सांगू नकोस. मला ते पाठ आहे.

माझ्या शिकवणीचा एक नियम आहे. रोजच्या गृहपाठाखाली पालकाची सही पाहिजे. तुला चुकणार नाही.

गोरख

(दादा लिहिणार होतो. हात थांबला.)


मंगळवार, १८ नोव्हेंबर

छबू,

आठ दिवसांत आठ सह्या आल्या आणि प्रत्येक सही म्हणजे नुसता एक 'छ'. पेन्सिलीनं, तोही कोपऱ्यात, गृहपाठाला अंग लागू नये असा. पोस्टमननं मनीऑर्डरीवर अशी सही चालवली नसती. मी चालवून घेतो.

निरोपही मिळाला. "आजी म्हणली, पोरीला गाढव म्हणायचं न्हाई." बरं बाई. आता मी तिला फक्त 'शहाणे' म्हणतो. त्याच आवाजात म्हणतो, त्यामुळं तिला कळतं.

पोर मठ्ठ नाही. तिला फक्त 'एक्स'ची भीती आहे. एक्स दिसला की पेन खाली ठेवते. मग मी तुझ्या वहिनीकडून शेंगदाणे आणि एक वाटी आणली. पाच दाणे उघडे ठेवले, काही वाटीखाली झाकले आणि म्हटलं, सगळे मिळून बारा आहेत, वाटीखाली किती? "सात." लगेच. म्हटलं, शहाणे, हाच तो एक्स. झाकलेली वाटी. तेव्हापासून ती आकडेमोड करताना ओठातल्या ओठात 'वाटी, वाटी' म्हणते. बाकीची पाच पोरंही आता तेच म्हणतात. तुझी वहिनी सत्यशीला म्हणाली, तुमचा वर्ग आहे का भांड्यांचं दुकान.

मोजमापाला मी त्यांना टेप देत नाही. आधी वितीनं मोजा, मग पावलानं, मग टेपनं, आणि तिन्ही का जुळत नाहीत ते सांगा. मोनिकाचं पाऊल बरोबर दोन फुटांचं पडतं, एक इंच इकडं नाही की तिकडं नाही. विचारलं, कुणी शिकवलं? "आजीनं. रानात चालताना."

तुला आठवतं का, पाचवीला आपल्या दोघांतनं काष्टीच्या शाळेला एकच जण जाणार असं वडलांनी ठरवलं आणि मी गेलो. तू शेळ्या घेऊन ओढ्याला. संध्याकाळी वडील माझ्याकडून पावकी, निमकी, दीडकी म्हणून घ्यायचे, मी अडलो की बांधावरून तू पुढचं म्हणायचीस. दीड चोक सहा, दीड पंचे साडेसात. तिमाहीत मला अपूर्णांकात पैकीच्या पैकी पडले, ते तुझे होते. हे मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत कुणाला सांगितलं नाही.

वाटी कशी वाटली ते सांग. नाहीतर नुसता 'छ' पाठव.

गोरख


गुरुवार, २७ नोव्हेंबर

छबू,

आज वहीत गृहपाठाखाली एक उदाहरण जास्तीचं होतं. अक्षर मोनिकाचं, वर शीर्षक: 'आजीनं घातलेलं उदाहरण'. जसंच्या तसं उतरवतो.

'दोन रानं शेजारी शेजारी हायेत. दोन्हीची लांब बाजू तीनशे पस्तीस फूट. दोन्हीची आखूड बाजू एकशेतीस फूट. एकाच ट्रॅक्टरनं, एकाच दिवशी, दोन फुटाला एक अशा कांद्याच्या सऱ्या लांबीनं पाडल्या. एका रानात पासष्ट सऱ्या बसल्या. दुसऱ्यात साठ. असं का झालं?'

पोरांना ते फार आवडलं. बेलवंडीहून येणारा ओम म्हणाला, ट्रॅक्टरवाला झोपला असेल. एक म्हणाला, दुसऱ्या रानात विहीर असेल. मोनिका माझ्याकडं बघत होती.

मी लाल पेनानं शेरा मारला: 'माहिती अपुरी.'

शेरा चुकीचा नाही. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगितल्या म्हणजे चौकोन कळत नाही, कोन सांगावा लागतो. तेवढंच मला म्हणायचं होतं. पुढच्या वेळी उदाहरण घालताना पूर्ण घालत जा.

थंडी पडलीये. गोठ्याला पोतं लाव.

गोरख


शनिवार, ६ डिसेंबर

छबू,

सही आली नाही. चार दिवस मोनिकाही आली नव्हती. आज आली ती अर्धा तासच, आणि जे झालं ते तिनं तुला सांगितलंच असेल, तरी माझ्या बाजूनं सांगतो.

आठवीला आता समांतरभुज चौकोन आलाय. समोरासमोरच्या बाजू सारख्या, पण कोन काटकोन नाही, चौकोन एका अंगाला कललेला. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. बाजू गुणिले बाजू नव्हे. दर वर्षी निम्मा वर्ग इथं पडतो. म्हणून माझ्याकडं एक जुनी बाज आहे, सांधे ढिले झालेली, सुंभ काढलेली. ती मी पोरांपुढं उभी करतो. सरळ असते तेव्हा तिच्यातनं ओम आणि त्याचा भाऊ दोघं शेजारी उभे निघतात. मग तिला एका बाजूला रेटतो. चारी दांड्या तेवढ्याच, लाकूड इंचभर कमी झालेलं नाही, पण आता एकच पोरगा निघतो. बाजू तेवढ्याच राहतात, जागा कमी होते. तेहतीस वर्षं मी ही बाज रेटतोय.

एवढं दाखवून उदाहरण घातलं तरी मोनिकानं बाजूला बाजूनं गुणलं. मी चिडलो. तुझा निरोप विसरून म्हणालो, "गाढवे, ही तिरकी बाजू झाली. उंची कुठाय? सरळ खाली सोडलेली रेघ कुठाय?"

तिनं मान वर केली आणि सरळ विचारलं, "गुरुजी आजोबा, आजीचं रान मोजताना तुमी पन असंच केलं हुतं ना?"

छबू, टोचून नाही विचारलं गं तिनं. तिला खरंच वाटत होतं की मोठ्या रानाला वेगळी रीत असेल. मी पोरांना सुट्टी दिली. सांगितलं, डोकं दुखतंय.

हे बघ, बाहेर मोजताना थोडंफार इकडंतिकडं होतंच. टेप सैल पडतो, ओढ्याकडं उतार आहे. मोजणीदारांचंसुद्धा होतं.

दुसरं एक तुला कळायला पाहिजे. आमच्या हर्षलनं आपल्या दोघांच्या रानांमधल्या बांधावर तारेचं कंपाऊंड घालायचं ठरवलंय. सिमेंटचे खांब येऊन पडलेत, तू बघितले असतीलच. डुकरांचा त्रास आहे, त्याचं चूक नाही. संक्रांतीच्या आत खड्डे घ्यायचे म्हणतो. एकदा खांब गाडले की तो बांध कायमचा.

वही ती इथंच विसरून गेली, ओमच्या हाती पाठवतोय. पोरीला पाठव. तिचं नुकसान करू नको.

गोरख


सोमवार, १५ डिसेंबर

छबू,

हे पान मी पिना मारून बंद केलंय आणि तुझ्या वहिनीच्या हाती देतोय, कारण मोनिका नऊ दिवस आलेली नाही. हे तिनं वाचायचं नाही. तू स्वतः वाच, कितीही वेळ लागला तरी. म्हणून अक्षर मोठं काढतोय.

मागचं पत्र पाठवण्याआधी सत्यशीलानं वाचलं होतं. म्हणाली, "तेहतीस वर्षं दुसऱ्यांची गणितं तपासली. घरचं तपासायला लाल पेन संपला का?" आणि चुलीकडं निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी भाकरीपुरतं बोलते.

तर ऐक.

वडील गेल्यावर वाटप करायची वेळ आली. वडलांचा शब्द होता की छबूला निम्मं. तू कपाळ पांढरं करून, कडेवर पोर घेऊन माहेरी आलीस त्या दिवशी त्यांनी तो मला ऐकवला होता, आणि मला तो मान्य होता. त्यात माझ्या मनात पाप नव्हतं, देवाशपथ. सरकारी मोजणी आणू असं विकास सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब म्हणाले. मी म्हणालो, घरात गणिताचा मास्तर असताना बाहेरचा माणूस कशाला? महिनाभरापूर्वी माझा निवृत्तीचा सत्कार झाला होता. गावात मी नुसत्या गुरुजींचा आदरणीय गुरुजी झालो होतो. मी टेप काढला, एक टोक ट्रॅक्टरवाल्या बन्सीकडं दिलं. तू म्हणालीस, दादा, मी धरते. मी म्हणालो, तू सावलीत बस.

माझ्या बाजूचं रान काटकोनात आहे. तुझं ओढ्याबरोबर कललेलं आहे, त्या बाजेसारखं. मी दोन्हीच्या बाजू मोजल्या, दोन्ही एकशेतीस आणि तीनशे पस्तीस निघाल्या, दोन्हीला चाळीस गुंठे लिहिलं, तुझी सही घेतली. पंधरा मिनिटं लागली. चहा उकळायच्या आत वाटप झालं म्हणून आप्पासाहेबांनी माझं कौतुक केलं.

पुढच्या जानेवारीत तू सोसायटीच्या ओट्यावर आलीस. पंधरावीस माणसं होती. तू भांडायला आली नव्हतीस, आवाजही चढवला नव्हतास. म्हणालीस, "दादा, तुझ्या रानात पासष्ट सऱ्या बसल्या, माझ्यात साठच. बन्सीनंच पाडल्यात. एकदा बघतोस का?"

आता जे लिहितोय ते सत्यशीलालाही माहीत नाही. तुझं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं. परवा कळलं नाही, मोनिकानं विचारलं तेव्हाही नाही. त्याच क्षणी कळलं होतं. सरी दोन फुटांची, सऱ्या लांबीला समांतर, म्हणजे साठ सऱ्या म्हणजे एकशेवीस फूट, आणि ती झाली उंची. तू चौथी शिकलेली बाई चिखलात चालत रानाची उंची मोजून आली होतीस. टेप नाही, काटकोन नाही. वर्गात कुणी असं करून आला असता तर मी त्याला खांद्यावर घेतला असता.

आणि मी काय म्हणालो? "नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या सऱ्याच रुंद पडल्या असतील. छबे, चौथी शिकलेल्या बाईनं मला क्षेत्रफळ शिकवू नये." सगळे हसले. बन्सी हसला नाही, एवढं मी बघितलं. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "बरं, दादा." ते शेवटचं.

अंगण खरंच वाकडं होतं, छबू. मला माहीत होतं. लोकांपुढं प्रतिष्ठा जाईल म्हणून मी बोललो, आणि मग सात वर्षं ती प्रतिष्ठा सांभाळत बसलो. दर भाऊबीजेला सत्यशीला पाट मांडायची आणि उचलून ठेवायची. मी पेपर वाचत असल्यासारखं करायचो.

'माहिती अपुरी' हा शेरा मी मागं घेतो. उदाहरण पूर्ण होतं. अपुरा मी होतो.

तुझं रान एकशेवीस गुणिले तीनशे पस्तीस, म्हणजे सदतीस गुंठे. माझं चाळीस. तीन गुंठे तुला कमी आले. ते तीन मी तुला देतो. खांब गाडायच्या आधी देतो. हर्षलला आज सांगणार आहे.

मला लाज वाटते. इतकं साधं वाक्य लिहायला पाच पानं फाडली.

दादा


बुधवार, २४ डिसेंबर

छबू,

मोनिका आज आली. मी काही विचारलं नाही. बसली, दप्तर उघडलं आणि स्वतःच म्हणाली, "आजीनं वाचलं. दोन दिवस लागले. अडलेले शब्द मला विचारत हुती." कुठले? "प्रतिष्ठा. आनि क्षेत्रफळ." मग म्हणाली, "म्या इचारलं काय लिवलंय, तर आजी म्हणली उदाहरन हाय."

तू तिला उदाहरण म्हणून सांगितलंस, म्हणून मीही उदाहरण म्हणूनच फळ्यावर घातलं. एका भावाकडं चाळीस गुंठे, बहिणीकडं सदतीस. दोघांचं सारखं व्हायला भावानं किती द्यावेत? आणि मी, तेहतीस वर्षांचा मास्तर, उत्तर आधीच लिहून बसलो होतो: तीन.

पोरगी हसायला लागली. "गुरुजी आजोबा, तीन दिले तर बहिनीचे चाळीस हुतील आनि भावाचे सदतीस. मग भाऊ भांडायला यील." तिनं खडू घेतला. भावाकडून जाते ती एक वाटी, बहिणीकडं येते ती तीच वाटी. चाळीस वजा वाटी बरोबर सदतीस अधिक वाटी. दोन वाट्या म्हणजे तीन. एक वाटी म्हणजे दीड.

साठपैकी अकरावाली पोर, छबू. एकदाही अडली नाही. मी तिला माझा लाल पेन दिला आणि माझ्या उत्तरावर फुली मारायला लावली. तिनं आधी पदराशी चाळा करावा तसा ओढणीशी केला आणि मग चांगली मोठी मारली.

म्हणजे दीड गुंठा. तीनशे पस्तीस फूट लांबीचा बांध पाच फूट माझ्याकडं सरकवायचा, एवढंच आहे ते. एवढ्यासाठी सात वर्षं.

आता हर्षलचं. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, कागदावर चाळीस-चाळीस आहे. विषय संपला." मी म्हणालो, कागद मीच लिहिला. तो मोबाईल घेऊन बाहेर गेला. त्यात कसलं तरी ॲप आहे, रानाच्या कडेनं चालत गेलं की क्षेत्र सांगतं. तुझ्या रानाला फेरी मारून आला. तू म्हणे त्याला विहिरीवरून हाक मारून विचारलंस, काय हरवलं का रं? परत येऊन मोबाईल माझ्यापुढं धरला. छत्तीस पूर्णांक नऊ. "आत्याला पायानं कळलं होतं आणि आपल्याला सॅटेलाइट लागला," म्हणाला. मग खड्डे घेणाऱ्याला फोन करून येऊ नको सांगितलं. मी ऐकलं.

राहिला सोसायटीचा ओटा. जिथं बोललो तिथंच परत घ्यायला पाहिजे होतं. काल दुपारी गेलो. आप्पासाहेब होते, बन्सी होता, त्या दिवशी हसलेल्यांपैकी सातआठ जण होते. दोघं आता हयात नाहीत, त्यांचा हिशेब राहिला. मी खडूनं ओट्यावर दोन्ही रानं काढली आणि सगळं सांगितलं, त्याच क्षणी कळलं होतं हेही सांगितलं. माझा आवाज कापत होता. वर्गात कधी कापला नाही.

आप्पासाहेब म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, जुनं झालं." बन्सी म्हणाला, "जुनं न्हाई. म्या त्याच दिशी बोलनार हुतो. सऱ्या म्याच पाडल्या हुत्या, मला म्हाईत हुतं. पन तुमी गुरुजी." मग तो चहा आणायला गेला.

मी परत टेप घेऊन येतो. या वेळी दुसरं टोक तू धर. दिवस तू सांग. नाही आलीस तरी बांध सरकणारच आहे, ते तुझ्या येण्यावर ठेवलेलं नाही. पण तू आलीस तर

मोनिका घरी जायला उभी आहे.

दादा


शुक्रवार, २ जानेवारी २०२६

दादा,

हे मोनिका लिवतीय, मी सांगतीय. मी सांगीन तसंच लिव म्हनलंय, सुदारायचं न्हाई.

तुझं पान वाचलं. मोठं अक्षर काढलंस ते बरं केलंस, पन तू पयल्यापासून 'क्ष' वाकडा काडतोस.

पयलं हे ऐक. मला रानाचं लागलं न्हवतं. पाच सऱ्या कमी बसल्या म्हनून मी काय उपाशी मेले न्हाई. नातीला वाडवतीय, त्याच रानावर. मला चौथीचं लागलं. दादा, माजी चौथी तुज्या पाचवीसाटी हुती. तू ती लोकांत काडलीस. दुसऱ्या कुनी काडली असती तर मी त्याच्या तोंडावर चार दीडक्या म्हनून दावल्या असत्या. तू म्हनलास म्हनून मला बोलता आलं न्हाई.

तू वट्यावर जाऊन आलास ते बन्सीच्या बायकूनं सांगितलं. तुजा आवाज कापत हुता तेबी सांगितलं. मला ते आवडलं न्हाई. तुजा आवाज कापलेला मी कधी ऐकला न्हाई आनि मला ऐकायचा न्हाई.

(आजी म्हणते, ती रडत नाहीये असं लिही. मी लिहिलं. – मोनिका)

आता कामाचं. पाच फूट म्हंजी अडीच सऱ्या. मी तवाच बोटावर मोजलं. माज्या साठ अधिक अडीच, तुज्या पासष्टातनं अडीच वजा, दोगांच्या साडेबासष्ट. मोनिका म्हनती बरूबर हाय. पन दादा, तू मास्तर असून तुज्या ध्यानात कसं आलं न्हाई? अर्दी सरी पाडता येती व्हय? बन्सीचा ट्रॅक्टर अर्दी सरी पाडत न्हाई. तुजं गनित तितंबी अडलं.

तवा मी असं ठरवलंय. बांध मोडायचा. समद्या मिळून एकशे पंचवीस सऱ्या पाडायच्या. बासष्ट तुज्या, बासष्ट माज्या, आनि मदली एक दोगांची. ते खांब हर्षलला म्हनावं दोनी रानांच्या भायेरनं लाव. डुकरं मदनं येत न्हाईत, भायेरनं येत्यात.

येत्या गुरवारी माजी कांद्याची लागन हाय. रोप तयार हाय. बायका सांगितल्यात. तू सकाळी ये, वैनीला घिऊन ये, टेप घिऊन ये. एक टोक मी धरनार, मला सावलीत बस म्हनायचं न्हाई. भाकरी मी आनते. तुला लसनाची चटनी सोसंना झालीय आसं मोनिका म्हनली, तुज्यापुरती शेंगदान्याची करते.

तू लागनीला लई हळू हाय, ल्हानपनापासून. तुज्या सऱ्या बायका लावतील. मदली सरी आपुन लावू, एका अंगाला तू, एका अंगाला मी. तू मागं राहिलास तर मी थांबन.

छबूबाई